मदत हवी आहे: लेकीनं आदर्श म्हणून लेडी गागा निवडलीय
मंडळी जरा सल्ला पायजे. आमची लेक नववीत, शाळेत 'माझा आदर्श' वर भाषण आहे आणि तिनं लेडी गागा (ती अमेरिकेची पॉप गायिका) निवडलीय, घरात नुसता दंगा. सासूबाईंनी गागानं २०१० ला घातलेला तो कच्च्या मांसाचा ड्रेस मोबाईलवर बघितला (कसलं मांस ते मी सांगितलंच नाही ओ), आता म्हणतात ताराराणींच्या कोल्हापुरात तुला हीच गावली व्हय. पोरगी म्हणते गागाला शाळेत लय चिडवायचे, मग तिनं २०१२ ला आईबरोबर तरुणांच्या मानसिक आरोग्यासाठी संस्था काढली, ते कोण बघतच नाही. मला तर पटतंय, पण भाषणात ड्रेसचं बोलावं का गाळावं? आणि सासूबाईंना कसं समजवू, शुक्रवारी भाषण आहे, लवकर सांगा