घरगुती पाळणाघराची अनामत : घेणे, सांभाळणे आणि परत करणे (अनुभव धागा)

टिळकवाडी, बेळगाव

गेली अकरा वर्षे मी राहत्या घराच्या पुढच्या दोन खोल्यांत पाळणाघर चालवते. मुले आठ आणि मदतीला एक मावशी. मूल जेवते की नाही, फी वेळेवर येते की नाही, याबद्दल आम्ही पाळणाघरवाल्या एकमेकींशी मोकळेपणाने बोलतो, पण अनामतीबद्दल कोणी बोलत नाही, आणि पालकांशी खरी कटुता येते ती तिथेच. तीन वर्षांपूर्वी एका आईने, तिची २६ आठवड्यांची बाळंतपणाची रजा संपायला दोन महिने असताना, ३००० रुपये देऊन जागा राखली. त्या जागेसाठी आलेल्या दुसऱ्या बाळाला मी नाही म्हटले. रजा संपता संपता गावाहून आजी राहायला आल्या, बाळ आलेच नाही, आणि आईने पैसे परत मागितले. माझ्या पावतीवर ‘डिपॉझिट रु. ३०००’ एवढेच लिहिलेले होते. तिच्या दृष्टीने डिपॉझिट म्हणजे भाड्याच्या घरासारखे, निघताना परत मिळणारे; माझ्या दृष्टीने तो इसार होता, सौदा मोडणाऱ्याने सोडून द्यायचा. मी निम्मे परत केले आणि दोघींनाही आपल्यावर अन्याय झाला असेच वाटत राहिले.

आता मी दोन वेगळ्या पावत्या देते. जागा राखण्याचे १००० रुपये बाळ आल्यावर पहिल्या फीत वळते होतात आणि न आल्यास परत मिळत नाहीत. अनामत मात्र एका महिन्याच्या फीइतकी, आणि ती बाळ येऊ लागते त्या दिवशीच घेते, आधी नाही. आपण अनामत किती घेता, कुठे ठेवता, कशासाठी कापता, हे सविस्तर लिहावे. पालकांनीही लिहावे.

खानापूर

२०२० च्या मार्चअखेर टाळेबंदी लागली तेव्हा माझ्याकडे सात मुलांचे मिळून १४,००० रुपये असायला हवे होते. प्रत्यक्षात त्यातले बरेचसे आदल्या पावसाळ्यापूर्वी घर शाकारण्यात गेले होते. एखादे मूल सोडून गेले की नव्या मुलाच्या अनामतीतून मी त्याचे पैसे परत करत आले होते, त्यामुळे हाती पैसे नाहीत हे मला स्वतःलाच कधी जाणवले नव्हते. सगळी मुले एकाच आठवड्यात थांबली तेव्हा ते उघड झाले. पालकांचेही पगार अडकलेले. कोणी तगादा लावला नाही, पण एक वडील तोंडाला रुमाल बांधून उंबऱ्याबाहेर उभे राहिले आणि ‘वहिनी, जमेल तेव्हा बघा’ एवढेच म्हणाले. तो क्षण मी विसरू शकत नाही. शेवटी पाटल्या सोनतारण ठेवून गणपतीपर्यंत सर्वांचे पैसे फेडले.

तेव्हापासून अनामतीसाठी पोस्टात वेगळे बचत खाते आहे आणि कोणत्या मुलाचे किती, हे पासबुकात ठेवलेल्या कागदावर लिहिलेले असते. ही रक्कम भिशीत घालण्याचा आग्रह मला दोघीतिघींनी केला. मी नाही म्हटले, कारण भिशीत आपला नंबर कधी लागेल ते आपल्या हाती नसते आणि मूल कधी सोडून जाईल तेही नसते.

शहापूर, बेळगाव

आमच्या शहापूर-वडगाव भागात घरोघरी माग आहेत आणि माझ्याकडे येणाऱ्या बहुतेक आया मागावर किंवा कांड्या भरण्याच्या कामावर आहेत. मजुरी आठवड्याला मिळते, त्यामुळे एकरकमी अनामत मागणे म्हणजे त्यांना दारातूनच परत पाठवणे होय. म्हणून मी पिग्मीची रीत उचलली. पिग्मी आपल्याकडे घराघरांत माहीत आहे. सिंडिकेट बँकेने ती १९२८ साली सुरू केली, ती रोजच्या कमाईतून थोडे थोडे बाजूला पडावे म्हणूनच. माझ्याकडे प्रत्येक मुलाचे एक कार्ड आहे. आई आठवड्याला ५० रुपये देते, मी तिच्यासमोर सही करते, आणि २० आठवड्यांत १००० रुपये जमले की कार्ड बंद होते. मधेच मूल थांबले तर जेवढे जमले तेवढे परत जाते. चार वर्षांत दोनच आयांनी न सांगता मूल थांबवले, आणि त्यांतली एक पुढे स्वतःहून येऊन थकलेली फी देऊन गेली.

हिंडलगा

माझी अडचण सुट्ट्यांची आहे. माझ्याकडच्या दोन आया वेंगुर्ला रस्त्याने रोज हद्दीपलीकडे, चंदगड तालुक्यातल्या शाळांत शिकवायला जातात. कर्नाटकातल्या शाळांना मधली मोठी सुट्टी दसऱ्याला आणि महाराष्ट्रातल्या शाळांना दिवाळीला; उन्हाळ्याच्या सुट्टीच्या तारखाही जुळत नाहीत. त्यामुळे एका घरातले मूल दसऱ्यात दिवसभर माझ्याकडे आणि दिवाळीत घरी, तर शेजारच्या घरातले नेमके उलट. ‘सुट्टीचे पैसे अनामतीतून कापून घ्या’ असे पालक सहज म्हणतात. मी दोनदा कापले, आणि मूल सोडून जाताना अनामत शिल्लकच नव्हती, उलट शेवटच्या महिन्याची फीही बुडाली. आता सुट्टीतली निम्मी फी वेगळी घेते आणि अनामतीला मूल असेपर्यंत हात लावत नाही.

हिंदवाडी (पालक)

मी नर्स आहे. मुलगी एका पाळणाघरात १९ दिवस गेली, सतत आजारी पडू लागली, म्हणून आम्ही थांबवले. तीन महिन्यांच्या फीइतके १२,००० रुपये अनामत भरलेली होती आणि ‘कोणत्याही कारणास्तव परत मिळणार नाही’ या ओळीखाली माझी सही होती. सही केली म्हणजे संपले, असेच मी धरून चालले होते. पण १८७२ च्या करार कायद्याचे ७४ वे कलम सांगते की करारात रक्कम लिहिलेली असली तरी करार मोडल्याची भरपाई वाजवीच मिळते, आणि ती लिहिलेल्या रकमेच्या मर्यादेत. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने तर उघडपणे अवाजवी मोठी अनामत मागणे हे अन्याय्य कराराच्या व्याख्येत घातले आहे. मी भांडले नाही. हे सारे समजावून सांगितले, एक महिन्याची फी कापून घ्या म्हटले, आणि ८००० रुपये परत आले. पाळणाघरवाल्या ताईंचेही काही अंशी खरे होते, माझ्या मुलीसाठी राखलेली जागा त्यांना लगेच भरता आली नसती.

उद्यमबाग

पत्नीच्या पाळणाघराचा हिशेब मी लिहितो. अनामत मिळकतीत धरू नये. ती देणे म्हणून लिहावी, आणि फीपोटी वळती केली त्या दिवशी ती मिळकत होते. जीएसटीच्या कायद्यातही अनामत ही वळती करेपर्यंत सेवेचा मोबदला मानली जात नाही. २०,००० किंवा त्याहून अधिक ठेव रोखीने स्वीकारण्यास आयकर कायद्याची मनाई आहे, पण आपल्या रकमा तिथवर जात नाहीत.

निपाणी

माझा नियमांचा कागद बरीच वर्षे फक्त मराठीत होता. एका मुलाचे वडील कन्नड शाळेत शिकलेले. मराठी उत्तम बोलायचे, पण वाचता येत नव्हते, आणि संकोचाने त्यांनी तसे सांगितले नाही. ‘थांबवण्याआधी एक महिना कळवावे’ ही अट त्यांना कळली ती मी पैसे कापले तेव्हा. ते रागावले नाहीत, मलाच वाईट वाटले. शेजारच्या अक्कांकडून तोच मजकूर कन्नडमध्ये लिहून घेतला, आणि आता एका बाजूला मराठी, दुसऱ्या बाजूला कन्नड असा कागद मी आधी वाचून दाखवते आणि मगच सही घेते. त्यांचे कापलेले पैसेही परत दिले. ते त्यांनी घेतले, मोजले नाहीत, आणि धाकटीचे नाव सांगून त्याच पावतीपुस्तकात तिची पावती फाडायला सांगितली.