दमून घरी जाताना शब्दांचं गाणं नको

भाट्येपलीकडची

मी रत्नागिरीत एका पतपेढीत कॅश काउंटरला बसते. सोळा वर्षं झाली. मार्च अखेरीचं काम आत्ता कुठे हातावेगळं झालंय, म्हणून हे लिहायला बसले.

संध्याकाळी साडेसहाला बाहेर पडते, भाट्ये पुलावरून खाडी ओलांडते आणि सुरूच्या बनाशी गाडी स्टँडला लावते. घरी पोचायच्या आधीची वीस-पंचवीस मिनिटं फक्त माझी. घरी गेल्यावर कुकर, सासूबाईंच्या गोळ्या, मुलाचा अभ्यास असतो. ते सगळं मला हवंही असतं, पण त्याआधी ही वीस मिनिटं लागतातच.

माझं ठाम मत असं की या वेळेला शब्द असलेलं गाणं ऐकू नये. दिवसभर शब्दच तर ऐकलेले असतात. व्याज कधी जमा होणार, सही जुळत नाही म्हणजे काय, काल तर वेगळंच सांगितलं होतं. प्रत्येक शब्दाला उत्तर द्यावं लागतं. गाण्यातला शब्द कितीही सुंदर असो, तो कानावर पडला की माझं डोकं आपोआप कामाला लागतं.

मी ‘कॉल ऑफ द व्हॅली’ लावते. १९६७ सालची ध्वनिमुद्रिका. शिवकुमार शर्मांचं संतूर, हरिप्रसाद चौरसियांची बासरी आणि ब्रिजभूषण काब्रांची गिटार. काश्मीरच्या खोऱ्यातल्या एका मेंढपाळाचा पहाटेपासून रात्रीपर्यंतचा दिवस त्यात आहे. अहिर भैरव रागाने उजाडतं आणि पहाडीवर दिवस संपतो. मी सुरुवातीपासून लावत नाही, थेट भूप राग लावते. माझी सकाळ तर होऊन गेलेली असते.

नोटा मोजून मोजून उजव्या अंगठ्याला सवय लागलेली असते. गाडीवर बसल्यावरही तो मांडीवर हलत राहतो, समोर नोटा असल्यासारखा. संतूर सुरू झालं की थोड्या वेळाने कधीतरी तो थांबतो. मी मुद्दाम बघत असते, तरी थांबलेला क्षण मला आजवर पकडता आलेला नाही. ज्या दिवशी शब्दांचं गाणं लावलं त्या दिवशी तो घरापर्यंत हलत राहिलाय.

तुमचा अनुभव वेगळा असेल तर सांगा. पटलं नाही तर वाद घालीन.

कलमवाला

वाद घालायलाच आलोय. मी पावसजवळचा, हापूसची बाग आहे. सध्या सीझन, रात्री नऊपर्यंत पेट्या भरणं चालू असतं. प्रतवारी करायची, पाच डझनाची पेटी भरायची, पेंढा लावायचा, पुढची घ्यायची. तुमचा अंगठा हलतो, माझं तोंड हलतं. अंथरुणाला पाठ टेकली तरी ओठ मोजत असतात.

मी तुमच्यासारखी नुसती बासरी लावून बघितली आहे. काय झालं सांगू? बासरी मागे वाजत राहिली आणि मी तिच्यावर आंबे मोजत राहिलो. रिकाम्या जागेत आकडेच शिरतात. आकड्यांना हाकलायचं तर दुसरं काहीतरी तोंडात बसवावं लागतं, आणि ते पाठ असलेलं गाणंच असू शकतं.

माझं गाणं ‘शुक्रतारा मंद वारा’. अरुण दाते आणि सुधा मल्होत्रा, चाल श्रीनिवास खळ्यांची. शब्द पाडगावकरांचे, म्हणजे वेंगुर्ल्यात जन्मलेल्या माणसाचे. ओटीवर दिवा घालवून दोनदा ऐकतो. दुसऱ्यांदा मीही बरोबर म्हणतो, अगदी हळू. दुसऱ्या कडव्यापर्यंत आंबे गेलेले असतात.

दर्यावरचो

माका पण ह्या पटला नाय. मी मालवणचो, बोटीर जातंय. दिसभर कानात इंजिनाचो आवाज. सात-आठ जण आसतंव, पण बोलूचा काय? धर, सोड, ओढ. झाला. सांजेक घराक इलंय की माका वाटता, कोणीतरी आपल्याशी नीट बोलूक व्हया. घरातली तवसर दमान निजलेली आसतत.

मगे मी रेडिओ लावतंय. रात्री धा वाजता विविध भारतीर छायागीत लागता. ता सादर करणारो मनीस हळू बोलता, दोन वाक्या बोलता आणि मगे जुना हिंदी गाणा लागता. खरा सांगू तर गाण्यापेक्षा माका ती दोन वाक्या जास्त बरी वाटतत.

आणि एक. लोक माका ‘मी डोलकर’ लावन देतत, कोळ्यांका दर्याचीच गाणी आवडणार म्हणान. नको हो. दिसभर जो दर्यो बघलंय तो परत रात्री कित्याक?

१ जून ते ३१ जुलै बंदी आसता. तेव्हा ताच छायागीत, तोच रेडिओ, पण गोड लागणा नाय. अंग दमलेला नसला की गाणा नुसता वाजत ऱ्हवता.

कुडाळ बाजारपेठ

ताई, तुम्ही काउंटर म्हणालात म्हणून लिहितो. माझंही वह्या-पुस्तकांचं दुकान आहे, गल्ल्यावरच बसतो.

आमच्या कुडाळात एक माणूस खानावळीच्या गल्ल्यावर बसायचा. चिं. त्र्यं. खानोलकर, म्हणजेच आरती प्रभू. त्यांच्याही कानावर दिवसभर गिऱ्हाइकांचेच शब्द पडत असणार. त्यातूनच ‘जोगवा’मधल्या कविता झाल्या, तो संग्रह १९५९ साली आला. शब्दांनी दमलेल्या माणसाला शब्द नकोसे होतात हे खरं असतं, तर त्यांनी रात्री लेखणी उचललीच नसती.

माझ्या मते तुम्ही दोन वेगळ्या गोष्टींना एकच नाव देताय. ‘व्याज कधी जमा होणार’ यातला शब्द आणि कवितेतला शब्द एकसारखे नाहीत. पहिला उत्तर मागतो, दुसरा काही मागत नाही. दिवसभर हाताळून मळलेली नोट बँकेने बदलून कोरी द्यावी, तसं मला आरती प्रभू ऐकताना होतं. मराठीच, रोजचेच शब्द, पण कोरे.

त्यांचंच ‘ये रे घना’ ऐका. आशाबाईंनी गायलंय, चाल हृदयनाथ मंगेशकरांची. पुलाच्या पलीकडे थांबता ना, तिथेच ऐका आणि मग सांगा.

भाट्येपलीकडची

ऐकलं. काल तिथेच, त्याच जागी.

गाण्याबद्दल माझ्याकडून एक शब्दही वावगा येणार नाही, इतकं ते मोठं गाणं आहे. पण झालं असं की दोन ओळींतच मला आई आठवली. आईला जाऊन चार वर्षं होतील. मी गाडीवर बसून रडले, चांगली दहा मिनिटं. डोळे लाल झालेले, तशीच घरी गेले. सासूबाईंनी दारातच विचारलं, काय गं, काय झालं? मुलाने विचारलं. नंतर ह्यांनी विचारलं. तिघांना तीन उत्तरं दिली.

म्हणजे बघा, तुमचा काही न मागणारा शब्द मला किती उत्तरं द्यायला लावून गेला. रडून मोकळं होणं आणि दमणूक उतरणं या माझ्यासाठी वेगळ्या गोष्टी आहेत. ‘ये रे घना’ मी रविवारी दुपारी ऐकीन, घर निजलेलं असताना. कामाच्या दिवशी संध्याकाळी नाही.

कलमवाले, तुमचं मात्र मला आत कुठेतरी लागलं. रिकाम्या जागेत आकडे शिरतात हे खरंच आहे. पण माझ्या मते बासरी एकटी होती म्हणून तसं झालं. संतूर रिकामी जागा ठेवत नाही. एकेक थेंब पडत राहतो, पुढच्या थेंबाची वाट बघण्यात मोजायचं राहून जातं. एकदा भूप ऐकून बघा.

धुम आणि कणीक

मला मूळ प्रश्नच मान्य नाही. एकट्याने का ऐकायचं? कोकणात गाणं ही एकट्याची वस्तू कधी होती? शिमग्यात खेळे, गणपतीत आरत्या आणि भजनं, जत्रेत रात्रभर दशावतार. कानात बोंडं घालून वेगवेगळं बसायची सवय आता लागली आणि तिलाच आपण विश्रांती म्हणायला लागलो.

मी कणकवलीकडचा, गवंडीकाम करतो. गुरुवारी देवळात भजन असतं, पखवाज माझ्याकडे. दिवसभर सिमेंट कालवून बोटं ताठलेली असतात. देवळात गेलं की पहिलं काम म्हणजे धुमाला, म्हणजे पखवाजाच्या जाड आवाजाच्या तोंडाला, कणीक लावायची. पाण्याचा हात घेऊन कणीक मळायची, मधोमध थापायची, एक थाप मारून बघायची, आवाज चढा वाटला तर अजून थोडी. या पाच मिनिटांत बोटं परत माझी होतात. मग रूपाचा अभंग, मग गजर. गजर चढत जातो तेव्हा शेजारी चकी, म्हणजे झांज, वाजवणारा कोण आणि मी कोण, काही कळत नाही. साडेअकराला घरी येतो आणि सकाळी सहाला ताजा असतो.

तुम्ही सगळे ऐकताय. ऐकून दमणूक अर्धीच जाते.

सड्यावरची

धुम आणि कणीक, दादा, एक विचारते. गुरुवारी तुम्ही देवळात असता तेव्हा घरात जेवण कोण करतं? आमच्या वाडीत भजनाला बायका मागे बसतात आणि नऊ वाजले की उठतात, कारण पुढची कामं असतात. चार जणांत दमणूक उतरते हे खरं असेल, पण ते चार जण जमायला वेळ मोकळा लागतो. ताईंची वीस मिनिटं आहेत, माझी पंधरा. तेवढ्यात एकटीच भेटते मी मला.

मी काजूच्या कारखान्यात आहे. तिथे दिवसभर स्पीकरवर गाणी असतात. काजूगर सोलताना हात चालू राहावेत म्हणून लावतात आणि चालतातही. पण ती गाणी दुसऱ्याने लावलेली. संध्याकाळपर्यंत गाणं म्हटलं तरी नको होतं, शब्दांचं नको आणि बिनशब्दांचंही नको.

बस सोडल्यावर सड्यावरून, म्हणजे कातळाच्या माळावरून, घरापर्यंत पंधरा मिनिटांची वाट आहे. तिथे मी काही लावत नाही. मीच म्हणते. आजी जात्यावर ओव्या म्हणायची, त्यातल्या तीन-चार मला येतात, अर्ध्यामुर्ध्या. विसरलेल्या ओळीच्या जागी मी काहीही घालते, आज काय झालं, कोण काय बोललं ते. कातळावर ऐकायला कोणी नसतं. घराचा चौथरा दिसला की थांबवते.

भाट्येपलीकडची

सड्यावरची, तुझी गोष्ट मी काल रात्री दोनदा वाचली. तू तर माझं म्हणणं पार उलटं केलंस. मी शब्दांपासून पळते आणि तू दिवसाचे शब्द उचलून ओवीत घालतेस. मला हे जमणार नाही, माझ्या गळ्यात सूर नाही. पण ‘दुसऱ्याने लावलेलं गाणं’ हे तुझं म्हणणं शंभर टक्के पटलं.

धुम आणि कणीक, तुमची कणीक मला फार आवडली. पण तुम्ही म्हणता ते उतरणं आठवड्यातून एकदाचं आहे. माझं रोजचं आहे. शुक्रवार ते बुधवार तुम्ही काय करता, तेही लिहा.

धुम आणि कणीक

सड्यावरची, तुमच्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नाही. घरी विचारलं. ती म्हणाली, तुम्ही गेलात की घर शांत होतं, तेवढा वेळ मी ओटीवर बसते. मी हे अठरा वर्षांत कधी विचारलं नव्हतं.

शुक्रवार ते बुधवार काही ऐकत नाही. जेवून झोपतो.

षड्ज पंचम

फक्त वादनाबद्दल बोलायचं तर संध्याकाळचा राग म्हणून कोणी मारवा लावू नका. सूर्यास्ताचा राग आहे, भाट्येच्या वाळूवर वेळ अगदी जुळेल, म्हणून आधीच सांगतो. त्यात पंचम नाही, रिषभ कोमल, मध्यम तीव्र, आणि गाणारा तुम्हाला षड्जावर, म्हणजे मूळच्या ‘सा’वर, सहज टेकू देत नाही. अमीर खाँसाहेबांचा मारवा ऐकून मी कित्येकदा आणखी बेचैन झालोय. भूप योग्यच आहे. सूर्य बुडून गेल्यावर यमन. दमलेल्याला टेकायला जागा हवी.

भाट्येपलीकडची

भूपावर आपलं जमलं. मारव्यावर मात्र नाही. कॅश जुळली नाही अशा दिवशी मी मारवाच लावते. नव्वद रुपयांचा फरक राहिलेला असतो, तो उद्या सकाळी शोधायचा असतो, आणि त्या संध्याकाळी मला टेकायचंच नसतं. भूप लावला तर खोटं वाटतं. अमीर खाँसाहेबांच्या बंदिशीतले शब्द मला नीट कळत नाहीत, म्हणून ते चालतात.

दर्यावरचो

ताई, संतूर मेमरी कार्डार घालून घेतलंय. उद्या पहाटे तीनाक बोट सुटतली. इंजिनात ऐकाक येयत काय म्हायत नाय, येताना बंद करून ऐकान बघतंय. पण छायागीत काय सोडूचंय नाय हां.