फुटबॉलमधील पंधरा वर्षांच्या स्टॉपरने मोठ्या क्लबच्या बाकावर बसावे की लहान संघात पूर्ण सामना खेळावा?

नेरूळमधील पालक
नमस्कार. माझा मुलगा पंधरा वर्षांचा आहे. गेल्या वर्षापर्यंत तो मध्यरक्षक (मिडफिल्डर) होता. मग उंची झपाट्याने वाढली आणि सरांनी त्याला स्टॉपरच्या, म्हणजे बचावफळीच्या मधोमध खेळणाऱ्या सेंटर-बॅकच्या जागी आणले. आता एका नावाजलेल्या क्लबच्या युवा संघात त्याची निवड झाली आहे, मात्र तेथे त्याच्याआधी तीन सेंटर-बॅक आहेत, तर नेरूळच्या सध्याच्या संघात तो प्रत्येक सामना सुरुवातीपासून शेवटपर्यंत खेळतो. मुलाचे म्हणणे असे, की स्पेनचा बचावपटू पाऊ कुबार्सी १८ जानेवारी २०२४ रोजी बार्सिलोना क्लबच्या मुख्य संघाकडून पहिल्यांदा उतरला तेव्हा त्याच्या सतराव्या वाढदिवसाला चार दिवस बाकी होते, म्हणून आता मोठ्या क्लबमध्ये गेलो नाही तर उशीर होईल. बचावपटूच्या बाबतीत हे खरे आहे का? यंदा दहावीही आहे, त्यामुळे निर्णय विचारपूर्वक घ्यायचा आहे.

ठाण्यातील प्रशिक्षक
आपला प्रश्न योग्य वेळी आला आहे. कुबार्सीचा आरंभ थक्क करणारा आहे यात शंका नाही: पदार्पणानंतर दोन महिन्यांच्या आत, १२ मार्च २०२४ रोजी, युरोपीय क्लबांच्या चॅम्पियन्स लीगमध्ये इटलीच्या नापोलीविरुद्ध ओसिमेनसारख्या आघाडीवीरासमोर खेळून तो सामनावीर ठरला आणि त्याच महिन्यात स्पेनकडूनही खेळला. पण त्यामागची वर्षेही मोजावीत. तो आधी जिरोनाच्या युवा संघांत होता आणि २०१८ पासून बार्सिलोनाच्या अकादमीत वाढला. शिवाय २०२४ मध्येच युरो स्पर्धेच्या स्पेनच्या अंतिम संघातून त्याला वगळण्यात आले आणि त्यानंतर काही आठवड्यांनी त्याने पॅरिस ऑलिंपिकचे सुवर्णपदक मिळवले. सतराव्या वर्षी अशी चढउतार पचवू शकणारे बचावपटू फार थोडे असतात.

बहुतेकांचा मार्ग लांबचा असतो. फ्रान्सचा बचावपटू विल्यम सालिबा याला इंग्लंडच्या आर्सेनल क्लबने २०१९ मध्ये घेतले, पण संघासाठी तो पहिला अधिकृत सामना खेळला ५ ऑगस्ट २०२२ रोजी. मधल्या काळात त्याला सेंत-एतियन, नीस आणि मार्सेय या फ्रेंच क्लबांकडे लोनवर, म्हणजे ठरावीक काळासाठी उसना, पाठवले होते आणि तेथे तो नियमित खेळला, म्हणूनच परतल्यावर त्याला जागा मिळाली. आपल्या मुंबईचाच बचावपटू राहुल भेके घ्या. १७ मार्च २०१९ रोजी मुंबईत झालेल्या आयएसएलच्या (इंडियन सुपर लीगच्या) अंतिम सामन्यात जादा वेळेत हेडर मारून त्याने बेंगळुरूला विजेतेपद मिळवून दिले आणि भारताकडून त्याचे पदार्पण झाले त्याच वर्षी जूनमध्ये, वयाच्या अठ्ठाविसाव्या वर्षी.

उशीर का होतो, याचे कारण खेळातच आहे. आघाडीवीराने तीन संधी वाया घालवून चौथ्यावर गोल केला तरी तो नायक ठरतो. स्टॉपरची एक चूक मात्र थेट गोल होते, त्यामुळे प्रशिक्षक नवख्या मुलाला तेथे उभे करायला कचरतात. कधी टॅकल करायचा नाही, प्रतिस्पर्ध्याला बाहेरच्या बाजूला कसे रेटायचे, ऑफसाइडची रेषा कधी पुढे न्यायची, बाजूच्या खेळाडूला केव्हा आवाज द्यायचा, हे सगळे सामन्यात चुका करूनच अंगी बाणते. सरावात तेवढी किंमत मोजावी लागत नाही. म्हणून माझे स्पष्ट मत आहे, की त्याने यंदा नेरूळमध्येच खेळावे. आधी मध्यरक्षक होता हे तर त्याचे भांडवल आहे, कारण आजच्या सेंटर-बॅकला दडपणाखाली मधल्या फळीला चेंडू पोहोचवता यावा लागतो, आणि कुबार्सीचे वेगळेपणही मुख्यतः त्या पासमध्येच आहे.

वाशीतील फिजिओथेरपिस्ट
वरील मताशी मी सहमत आहे. फक्त वाढत्या शरीराबद्दल लिहिते. उंची वेगाने वाढत असताना हाडे आणि स्नायू एकाच गतीने वाढत नाहीत. या वयात गुडघ्याच्या वाटीखाली, पुढच्या बाजूला असलेल्या हाडाच्या उंचवट्यावर दुखणे पुष्कळदा आढळते. त्याला ऑसगुड-श्लाटर म्हणतात. ते सहसा वाढ पूर्ण झाल्यावर थांबते, परंतु दुखत असताना उड्या आणि धावणे कमी करावेच लागते. नेदरलँड्सचा बचावपटू व्हर्जिल व्हॅन डाइक सतरा वर्षांच्या आसपास सुमारे १८ सेंटीमीटर वाढला आणि त्याला जांघेचा व गुडघ्याचा त्रास झाला. आज जगातील उत्तम बचावपटूंत ज्याचे नाव घेतले जाते, त्यालाही तेव्हा काही काळ थांबावे लागले होते. आपण दर महिन्याला मुलाची उंची मोजून ठेवा, म्हणजे वाढीचा वेग वाढला की सराव हलका करता येईल.

आणखी एक आग्रह: क्लब कोणताही असो, हृदयाची तपासणी, किमान ईसीजी, करून घ्याच. बचावपटू अन्वर अली २०१७ च्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळला, पण २०१९ मध्ये त्याच्या हृदयात दोष आढळला आणि त्याचा खेळ थांबला. पुढे तो परतला आणि २०२२ मध्ये भारताच्या मुख्य संघातही आला. त्याला मार्ग सापडला, पण दोष वेळेवर कळणे आवश्यक होते.

नेरूळमधील पालक
दोघांचेही मनापासून आभार. मुलाला हे सर्व वाचून दाखवले. भेकेच्या उदाहरणावर तो बराच वेळ बोलत होता. त्याची भीती एकच आहे, की नकार दिला तर क्लब पुन्हा विचारणार नाही.

ठाण्यातील प्रशिक्षक
ती भीती समजण्यासारखी आहे, पण नकार देण्याची गरज नाही. क्लबच्या प्रशिक्षकांना भेटून स्पष्ट विचारा: आमच्या मुलाला या वर्षी किती सामन्यांत सुरुवातीपासून खेळवण्याचा विचार आहे, आणि दहावीची परीक्षा होईपर्यंत तो नेरूळमध्ये राहिला तर पुढील हंगामात त्याला पुन्हा पाहाल का? प्रामाणिक प्रशिक्षक यावर सरळ उत्तर देतो. उत्तर गोलमोल आले, तर निर्णय घेणे आपल्याला सोपे जाईल. आणि कोणत्याही कागदावर सही करण्यापूर्वी, नोंदणी किती काळाची आहे आणि संघ बदलायचा झाल्यास सुटका कशी होते, हे लेखी मागून घ्या; पालक ही गोष्ट हमखास विसरतात.