मॅट कुस्ती: चॅलेंजचा स्पंज नेमका कधी टाकायचा?

प्रश्न (कोपरा_लाल): फ्रीस्टाइलमध्ये पंचांचा निर्णय पटला नाही की वस्ताद मॅटवर स्पंज टाकून फुटेज पाहायला लावतो, ते चॅलेंज. ते फसलं की समोरच्याला 1 गुण जातो, एवढं माहीत आहे. पण स्कोअर 3-3, शेवटची वीस सेकंदं आणि वाद कडेबाहेर पडलेल्या पावलाचा असेल तर टाकावं का? आणि पैलवानच नको म्हणाला तर?

पट_काढ: आधी पाहा, 3-3 मध्ये पुढे कोण आहे. बरोबरीत क्रम असा: मोठ्या गुणांचा डाव कोणाचा, मग ताकीद कोणाला कमी, मग शेवटचा गुण कोणाचा. त्यावर आपला पैलवान पुढे असेल तर स्पंज खिशातच बरा. फसलं की 3-4, म्हणजे जिंकत आलेली कुस्ती आपल्याच हाताने घालवली. मागे असाल तर गणित उलटं. नाहीतरी हरतोच आहोत, मग टाका. मात्र वेळ शिल्लक असेल तर त्या एका गुणाची किंमत धरा: 2-3 चं 2-4 झालं की नुसतं कडेबाहेर ढकलून भागत नाही, पट (पाय ओढून खाली पाडायचा 2 गुणांचा डाव) काढावाच लागतो.

निळा_कोपरा: कडेच्या वादात निम्मे जण नारिंगी पट्ट्यावरच फसतात. वर्तुळाच्या कडेचा तो 1 मीटरचा पट्टा आतच धरतात. उभ्याने, डाव चालू नसताना, पूर्ण पाऊल पट्ट्यापलीकडे टेकलं तरच गुण. नुसती टाच टेकली असेल तर चॅलेंज वाया.

स्पंज टाकायची मुदत 5 सेकंदांची, पंचांनी गुण दिल्यापासून किंवा द्यायचा टाळल्यापासून. आपल्याकडे वस्ताद आधी पंचांवर ओरडतात, तेवढ्यात ती संपते! डाव चालू असेल तर पंच लगेच थांबवत नाहीत, पकड सुटल्यावर थांबवतात. पैलवानाला नको असेल तर त्याने स्पंज परत द्यायचा, कुस्ती पुढे चालू.

कोपरा_लाल: जिंकलं तर पुन्हा मिळतं? आणि पॅसिव्हिटीवर (पैलवान लढत नाही म्हणून पंचांनी दिलेल्या निर्णयावर)?

पट_काढ: जिंकलं तर हक्क राहतो, हरलं की त्या कुस्तीपुरता संपला. पॅसिव्हिटीवर चालत नाही. ज्युरीने फुटेज पाहून दिलेल्या निकालावर समोरच्यालाही उलट चॅलेंज नाही.

भोंगा: स्पर्धा भरवणाऱ्यांसाठी: कॅमेरा उंचावर, 9 मीटरचं पूर्ण वर्तुळ आणि घड्याळ एकाच चौकटीत. घड्याळ दिसत नसेल तर पट भोंग्याआधी निघाला की नंतर, हे फुटेज कितीही संथ केलं तरी ठरत नाही.