मदत हवी आहे : स्लेज ओढणाऱ्या मादीसाठी नर कोणता निवडावा?

आमच्याकडे स्लेज (बर्फावरची घसरगाडी) ओढणारे अलास्कन हस्की जातीचे कुत्रे आहेत आणि त्यांच्यातील पाच वर्षांच्या एका मादीचे पहिले वेत घेण्याचा विचार आहे. ती ताफ्यात सर्वांत पुढे धावते, कितीही दमली तरी समोरचे अन्न सोडत नाही, आणि तिचे पंजे इतके चिवट आहेत की गोठलेल्या, खरबरीत वाटेवर इतरांना बूट घालावे लागतात तेव्हाही तिच्या बोटांच्या बेचक्यात साधी चीर दिसत नाही. हे पंजे आणि ही भूक पिल्लांत उतरावी, अशी माझी मनापासून इच्छा आहे.

अडचण नराची आहे. पहिला नर तिचा सख्खा काका आहे. त्याची चाल उत्तम आहे, पण त्या पिल्लांत अंतःप्रजननाचे प्रमाण किमान १२.५ टक्के येईल. दुसरा नर पूर्णपणे बाहेरच्या रक्ताचा, पण जनुकीय चाचणीनुसार या कुत्र्यांत आढळणाऱ्या मेंदूच्या एका आनुवंशिक आजाराचा वाहक आहे, म्हणजे सदोष जनुकाची एकच प्रत त्याच्यात आहे; आजार होण्यासाठी आई आणि बाप दोघांकडून ती यावी लागते. मादीत तो दोष नसल्यामुळे एकही पिल्लू त्या आजाराने ग्रासले जाणार नाही. मात्र प्रत्येक पिल्लू वाहक असण्याची शक्यता निम्मी राहील. माझा कल तरीही दुसऱ्याकडेच आहे.

ज्यांनी असा वाहक नर वापरला आहे, त्यांनी पुढच्या पिढीसाठी पिल्ले निवडताना चाचणीचा निकाल आणि कामातले गुण यांपैकी कशाला किती महत्त्व दिले? तसेच पाचव्या वर्षी पहिलेच वेत घेण्यापूर्वी पशुवैद्यांकडून कोणत्या तपासण्या करून घ्याव्यात, हेही कृपया सांगावे.