७८ च्या तबकड्या: खरखर कमी कशी करावी?

प्रश्न (मिरज): यंदा सगळ्यात जास्त ऐकल्या त्या गायक अब्दुल करीम खाँसाहेबांच्या ७८ च्या (मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या जुन्या ग्रामोफोनच्या) तबकड्या. एलपीच्याच (नंतरच्या, सावकाश फिरणाऱ्या तबकड्यांच्या) सुईवर लावतो, खरखर फार येते. स्पिरिटने पुसू का?

उत्तर (सांगली): स्पिरिट अजिबात लावू नका! या तबकड्या लाखेच्या. लाख स्पिरिटमध्ये विरघळते आणि चर (सुई फिरते त्या बारीक खाचा) कायमचे जातात. डिस्टिल्ड वॉटरमध्ये भांड्यांच्या साबणाचे दोन थेंब टाका, मऊ ब्रशने चरांच्या दिशेनेच फिरवा, मधलं लेबल कोरडं ठेवा. लगेच टिपून उभी वाळवा. उन्हात नको, वाकते.

उत्तर (सातारा): खरं दुखणं सुईचं आहे. एलपीची सुई साधारण ०.७ मिलची (मिल म्हणजे इंचाचा हजारावा भाग, हे सुईच्या टोकाचं माप), ७८ ला ३ मिलची लागते. बारीक सुई चराच्या तळाशी घासत जाते, तिथेच कचरा साचलेला असतो. कार्ट्रिज (सुई बसते तो भाग) तेच ठेवून ७८ ची सुई मिळते का बघा. सुईचं तबकडीवरचं वजन कंपनीने दिलंय तेवढंच ठेवा.

उत्तर (सांगली): आणि खरखर पार घालवायच्या नादात ट्रेबल (वरच्या पट्टीचे आवाज) फार उतरवू नका. खाँसाहेबांच्या तार षड्जाची (वरच्या ‘सा’ची) धारच बोथट होते. थोडी खरखर राहिली तरी चालेल, सूर जायला नको.

प्रश्नकर्ता: आधी सुई बदलतो. एका तबकडीला बाहेरच्या कडेला केसाएवढी चीर आहे, ती लावू का?

उत्तर (सातारा): नको, नवी सुई तिथेच तुटायची.