अवाकोव: खार्किवचा तारणहार की पोलीस सुधारणांचा मारेकरी?

उंबरठा:
पोरोशेन्को गेले, झेलेन्स्की आले, चार पंतप्रधान झाले. युक्रेनच्या गृहमंत्र्याची खुर्ची मात्र फेब्रुवारी २०१४ ते जुलै २०२१ जागची हलली नाही. आर्सेन अवाकोव. जन्म बाकूचा, वंशाने अर्मेनियन, कर्मभूमी खार्किव. धंदा केला, बँक काढली, २००५ ते २०१० त्या प्रांताचा राज्यपाल होता. राष्ट्राध्यक्ष यानुकोविचच्या काळात जमिनीच्या प्रकरणात खटला लागला, इटलीला गेला, २०१२ मध्ये तिथे अटक झाली आणि त्याच वर्षी खासदार होऊन परत आला.

माझं मत सरळ आहे. ८ एप्रिल २०१४ ची पहाट एकटी त्याच्या खात्यावर पुरेशी आहे. आदल्या दिवशी रशियाधार्जिण्यांनी खार्किवची प्रशासकीय इमारत घेऊन 'लोकप्रजासत्ताक' जाहीर केलं होतं. स्थानिक पोलिसांचा भरवसा नव्हता, म्हणून विनित्सियाहून 'जॅग्वार' ही विशेष पोलीस तुकडी मागवली. पहाटे इमारत मोकळी, सत्तरेक जण ताब्यात. दोनेत्स्कमध्ये हे जमलं नाही, ते शहर रशियाधार्जिण्यांच्या हाती गेलं.

खवचट_काका:
एका पहाटेवर सात वर्षं खुर्ची? मग आमच्या गल्लीतल्या गुरख्याला आमदार करा.

२०१५ च्या जुलैमध्ये कीवच्या रस्त्यावर नवी गस्ती पोलीस आली तेव्हा लोक त्यांच्यासोबत सेल्फी काढत होते. कोरी भरती, नवा गणवेश, प्रियस गाड्या. ते काम जॉर्जियाहून आणलेल्या एकातेरिने झ्गुलाद्झे यांचं. त्या २०१६ मध्ये गेल्या, पोलीसप्रमुख खातिया देकानोइद्झे यांनीही त्याच नोव्हेंबरात राजीनामा दिला. आतली जुनी मिलिशिया (सोव्हिएत वळणाची पोलीस) तशीच. पात्रता चाचणीत काढलेले कितीतरी जण कोर्टात जाऊन पुन्हा रुजू. दर्शनी भिंतीला रंग, मागे वाळवी.

उंबरठा:
कोर्टाने परत घेतले त्याला मंत्री काय करणार? आणि झ्गुलाद्झेंना पहिल्या उपमंत्री म्हणून घेतलं ते कुणाच्या खात्यात?

मृणाल_प:
पाण्याच्या ग्लासाचा किस्सा राहिलाच! डिसेंबर २०१५, सुधारणा परिषदेची बैठक, राष्ट्राध्यक्ष पोरोशेन्को समोर बसलेले. ओडेसा प्रांताचे तेव्हाचे राज्यपाल साकाश्विली भ्रष्टाचाराचे आरोप करत होते, अवाकोवने ग्लासातलं पाणी त्यांच्या अंगावर भिरकावलं. वर चित्रफीत स्वतःच टाकली. (साकाश्विलींबद्दल मला फार प्रेम नाही, ते सोडा.) हा माणूस आपण कुणाला घाबरत नाही हे दाखवत होता, आणि राष्ट्राध्यक्षही त्याला हात लावत नव्हते. कारण राष्ट्रीय रक्षक दल त्याच्या हाताखाली, अझोव ही स्वयंसेवकांची कडव्या उजव्या वळणाची तुकडीही त्यातच. मला खुपतं ते हे.

तिठा:
अझोवचा मुद्दा इतका सोपा नाही. मे २०१४ मध्ये लष्कर मोडकळीला आलेलं होतं, स्वयंसेवकांना गृहखात्याखाली आणलं नसतं तर त्या बंदुका कुणाच्याच हुकमाखाली राहिल्या नसत्या. आणि २०१९? पोलिसांनी निवडणूक कुणाच्या पदरात टाकली नाही. पोरोशेन्को हरले, मुकाट घरी गेले.

खवचट_काका:
आणि बक्षीस म्हणून झेलेन्स्कींनी याला ठेवून घेतलं. म्हणजे तटस्थता की सौदा?

पत्रकार शेरेमेतचं बघा. जुलै २०१६, भर कीवमध्ये गाडीखाली बॉम्ब, तो जागीच गेला. साडेतीन वर्षांनी पत्रकार परिषद घेऊन संशयित जाहीर: डॉक्टर, परिचारिका, संगीतकार. पुरावा काय, तर सीसीटीव्हीतली चालण्याची ढब! मंचावर अवाकोव, सोबत राष्ट्राध्यक्ष. खेरसोनची कार्यकर्ती कातेरिना हांद्झ्युक हिच्यावर २०१८ मध्ये आम्ल फेकलं, पोलिसांनी आधी 'गुंडगिरी' म्हणून नोंदवलं, भलताच माणूस पकडून सोडला. ती नोव्हेंबरात गेली. मे २०२० मध्ये काहार्लिकच्या ठाण्यात एका महिलेवर पोलिसांनीच बलात्कार केल्याचा आरोप. तेव्हाही राजीनामा नाही.

उंबरठा:
हांद्झ्युक प्रकरणावर माझ्याकडे बचाव नाही. शेरेमेतवरही नाही. पण खार्किव?

तिठा:
त्याचंही सगळं श्रेय एकट्याला नको. २०१० मध्ये महापौरपदासाठी ज्या केर्नेसने त्याला थोडक्यात हरवलं, तोच एप्रिल २०१४ मध्ये महापौर होता. त्या महिनाअखेरीस पाठीत गोळी लागली, वाचला, आणि शहर कीवसोबत राहिलं. दोघांचं हाडवैर, पण दोघांनाही दोनेत्स्क व्हायचं नव्हतं.

मृणाल_प:
मग धाग्याचं शीर्षक बदला ना, 'तारणहार' बहुवचनी करा.